टगबोट रंग धरेना

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मागच्या खोलीतला फुसफुस आवाज एकदम थांबला आणि भावजी "अरे देवा" म्हणाले. माझे हे धाकटे दीर देवाचं नाव सहसा घेत नाहीत. घरातलं ते खातं त्यांनी माझ्याकडे सोपवून टाकलंय. त्यामुळे मी कणकेचा गोळा परातीत तसाच टाकून धावले.

"तिथंच थांबा, वहिनी! आत नको. हात कसले आहेत?"

"कणकेचे."

"तेल घातलंय?"

"थोडंसं."

"मग लांबूनच बघा."

उंबऱ्यात उभी राहून बघितलं. टेबलावरच्या लाकडी घोडीवर त्यांची बोट उपडी ठेवलेली होती. अर्ध्या अंगावर नुकताच मारलेला ओला काळा रंग चमकत होता, आणि त्या काळ्यात जिकडेतिकडे मोहरीएवढी गोल छिद्रं पडली होती. प्रत्येक छिद्राभोवती रंगाचा छोटा बांध. कुणी दटावल्यावर पोरांनी मागे सरून गोल करावा, तसा रंग तिथून मागे सरला होता. सुंदर पोरीच्या अंगावर देवी उठाव्यात तशी ती बोट दिसत होती.

"कशानं झालं हे?"

"तेच तर बघायचंय," भावजी म्हणाले आणि कपाळावरचा घाम मनगटाच्या मागच्या बाजूनं टिपला. बोटांनी ते कपाळाला कधी हात लावत नाहीत.

भावजी म्हणजे काय माणूस आहे ते इथं आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचे दोन दिवस कसे गेले ते कळेल. गल्लीत त्यांना सगळे 'फुसफुस' म्हणतात. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगतात, "ब्रश धुण्यातच जन्म चाललाय, बायकोला वेळ कुठून देऊ?" बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात सत्तावीस वर्षं रंगारी होते. बसच्या अंगावरचे पट्टे, नंबर, गावांची नावं, सगळं त्यांच्या हातचं. दोन वर्षांपूर्वी कारखान्याला कुलूप लागलं आणि ते एक ट्रंक अन् एक चपटा डबा घेऊन आमच्याकडे आले. ट्रंकेत काय होतं ते मला आता आठवत नाही. डब्यात मखमलीवर एअरब्रश होता.

पेनाएवढं यंत्र ते. वर रंग घालायची सुपारीएवढी वाटी, आत टोकाकडे केसासारखी बारीक होत गेलेली सुई, सुईभोवती नोझल, आणि बोटाखाली खटका. खटका खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की हवेबरोबर रंग येतो. इतकंच. पण हे 'इतकंच' अंगात मुरायला सात वर्षं लागली म्हणतात. हवेसाठी त्यांनी आमच्या मोडीत निघालेल्या फ्रिजची मोटर काढली, तिला एक टाकी जोडली, मध्ये हवेतलं पाणी अडवायला काचेची छोटी बाटली बसवली, आणि घरच्या घरी कॉम्प्रेसर तयार केला. इतका मुका, की शेजारी मांजर झोपावं. आल्या-गेल्याला ते आधी कॉम्प्रेसर दाखवतात, बोटी मागून.

आणि ही बोट साधी नव्हती. बंदराजवळ जहाजावरचं काम शिकवणारी एक शाळा आहे. तिथं शिकवायला जहाजांच्या लहान प्रतिकृती लागतात, त्या बनवणारा जुना कारागीर निवृत्त झाला होता. तिथल्या मुख्य शिक्षकांनी भावजींना सांगितलं होतं, "सोमवारी दहाला एक मॉडेल घेऊन या. रंगासकट पूर्ण. बघून ठरवू." म्हणून ही टगबोट, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावते ती. खऱ्या बोटीच्या पन्नासाव्या हिश्शाची. चार महिने खपत होते तिच्यावर. वरची पांढरी केबिन, तळाचा लाल रंग, सगळं झालं होतं. मधला काळा पट्टा तेवढा राहिला होता.

दुसऱ्या बाजूला एक गोदामवाला होता, आमच्या ह्यांच्या ओळखीचा. त्यानं रखवालदाराची जागा भावजींसाठी धरून ठेवली होती. सोमवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते सांगायचं, नाहीतर दुसरा माणूस. गोदाम इथून चार तासांवर, राहायचं तिथंच, फाटकाशेजारच्या खोलीत.

"बोट जमली तर शाळा, नाही जमली तर गोदाम," भावजी म्हणाले होते. "आणि तिथं एअरब्रश न्यायचा नाही. रखवालदारानं शिट्टी फुंकावी, खटके दाबू नयेत."

हसत म्हणाले होते. पण तो डबा कुणाला द्यायचा हेही त्यांनी ठरवून टाकल्याचं मला ठाऊक होतं.

तर शनिवारी अकराला ही छिद्रं पडली.

भावजींनी आधी ब्रशला धारेवर धरलं. सुई काढून काचेवर घरंगळवून पाहिली, वाकडी असेल तर डगमगते. डगमगली नाही. नखावर टोक ओढलं, ओरखडा नाही. नोझल भिंगाखाली उजेडात धरलं, चिरलेलं नाही. रंग वाटीच्या कडेनं ओघळवून बघितला. दुधासारखा, मागे पातळ साय ठेवत खाली उतरला. मग नुसतं पाणी भरून जुन्या वर्तमानपत्रावर फवारलं. कंपासनं काढल्यासारखा गोल उठला.

"थुंकत असता तर म्हटलं असतं नोझल तुंबलं," ते स्वतःशीच बोलत होते, पण मोठ्यानं. "एका अंगाला मारत असता तर सुई. वाटीत बुडबुडे आले असते तर वायसर. हा तर काहीच करत नाहीये! शहाण्यासारखा चाललाय. आणि रंग बोटीवर टिकत नाहीये."

आमचे हे पोस्टातून अर्ध्या दिवसानं घरी आले आणि दारातून डोकावले. "काय रे, टगबोटीला भोकं? आता पाणबुडी म्हणून ने."

भावजी नोझलच पुसत राहिले. एरवी दादाच्या टोमण्याला ते सव्वा टोमणा परत देतात. ह्यांनाही ते जाणवलं असावं; चपला काढून गुपचूप पुढच्या खोलीत जाऊन बसले.

काळा रंग उतरवायला दोन तास लागले. आधी थिनरचं फडकं, मग ओला पॉलिशपेपर, तोही कपाळावर पट्टी फिरवावी इतक्या हलक्या हातानं. कारण त्या काळ्या पट्ट्यावर रिबिटं होती. खऱ्या बोटीचे पत्रे जसे रिबिटांनी जोडतात, तसे भावजींनी सुईच्या टोकानं डिंकाचे ठिपके दिले होते. चौदाशे. मोजायची हौस मला नाही, त्यांनीच सांगितलं होतं. पॉलिशपेपर फिरला की ठिपके थोडे झिजणारच.

"अजून एकदा घासलं तर टिकतील," ते म्हणाले. "दोनदा घासलं तर उरणार नाहीत. मग ती टगबोट नाही, साबणाची वडी."

चार वाजता नवीन थिनर, नवीन रंग, हातात रबरी मोजे. फुसफुस सुरू झाली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. हात काम करत होते, पण कान तिकडे. आवाज एकसारखा चालला, थांबला, परत चालला. मग थांबला तो थांबलाच.

मी दारात गेले. आधीपेक्षा जास्त छिद्रं होती.

भावजी स्टुलावर बसले होते. माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाले, "वहिनी, खरं सांगा हं. रागावणार नाही. बोटीला हात लावलात?"

"नाही."

"धूळ पुसायला? सहज?"

"भावजी, तुमच्या टेबलावरची धूळसुद्धा मी तुम्हाला विचारून पुसते."

"तेल आहे कुठून तरी. हे तेलाचंच काम. कारखान्यात एकानं डोक्याला तेल चोपडून बसला हात टेकवला होता, अख्खी बाजू परत रंगवावी लागली होती. अशीच भोकं. तेल असलं की रंग तिथं पाय टेकत नाही." एवढं बोलून ते थांबले. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझ्या देवाचा कोनाडा. तिथं दिवा तेवत होता.

मग त्यांनी मोजे काढायला घेतले. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

त्या संध्याकाळी मी कढई चुलीवर चढवली नाही. सगळं उकडून केलं. आणि दिवा उचलून पुढच्या खोलीत नेला, देवाला त्याच्या जागेवर अंधारात ठेवून. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात दिवा त्या कोनाड्यातून पहिल्यांदा हलला. देवाला म्हटलं, तुझ्या दिव्याचा धूर त्याच्या आड येत असेल तर दोन दिवस अंधारात बैस. तू काय, अंधारातही देवच राहणार. त्याचं तसं नाही.

ह्यांनी ताटाकडे बघून विचारलं, "आपण सगळे आजारी आहोत का?"

"गप्प जेवा," मी म्हटलं.

भावजी जेवायला आले नाहीत. ते शेवटचं घासत होते.

रविवारी सकाळी सात वाजता मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते. त्यांनी वाटीत रंग भरला, बोटीकडे वळले, मनगट उचललं.

"भावजी, बोटीवर नको."

"काय?"

"आता घासायला काही उरलं नाही म्हणालात ना? मग आधी दुसऱ्या कशावर तरी मारा. स्वच्छ, कोऱ्या कशावर."

क्षणभर ते चिडल्यासारखे दिसले. मग त्यांनी खणातून प्लास्टिकचा एक कोरा चमचा काढला, माझ्याकडे फेकला. मी तो साबणानं धुतला, उन्हात झटकला, कडेला धरून परत दिला. त्यांनी त्यावर रंग मारला. आम्ही दोघंही वाकून बघत होतो, ते आतून, मी उंबऱ्यातून.

मी मनात मोजत होते. पाच, सहा, सात. बघता बघता चमच्यावर गोल छिद्रं उघडली.

म्हणजे बोटीचा दोष नव्हता. माझ्या हाताचा नव्हता, दिव्याचा नव्हता, तळणाचा नव्हता. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण भावजींनी चमचा खाली ठेवला आणि एअरब्रश डब्यात ठेवायला घेतला.

"हे काय?"

"कळत नाहीये मला, वहिनी. सत्तावीस वर्षं झाली आणि मला कळत नाहीये. सांगा दादाला, गोदामवाल्याला फोन लाव म्हणावं."

मी फोनचं काही सांगितलं नाही. दिवा परत कोनाड्यात नेला. निदान तेवढं तरी जागच्या जागी जावं. वात चढवली, तेल घालायला बाटली काढली, आणि नरसाळं हातात घेतलं. दिव्यात तेल ओतायचं माझं पितळी नरसाळं आहे, करंगळीएवढ्या तोंडाचं. ते बुधवारी भावजी मागून घेऊन गेले होते आणि परत दिलं तेव्हा त्याला असा काही यंत्राचा वास येत होता की मी ते राखेनं तीनदा घासलं होतं, बडबड करत.

नरसाळं हातात धरूनच मी परत गेले.

"भावजी, बुधवारी हे कशाला नेलं होतंत?"

"मोटरला तेल घालायला."

"कुठल्या मोटरला?"

"कॉम्प्रेसरच्या. फ्रिजची मोटर तेलावर चालते, वहिनी. आत तेल नसेल तर जळून जाईल."

"किती घातलंत?"

त्यांनी कॉम्प्रेसरकडे बघितलं. मग म्हणाले, "नेहमीपेक्षा जरा जास्त. म्हटलं, मोठं काम आहे, तासन्‌तास चालायची आहे, ऐन वेळी कोरडी पडायला नको." आणि लगेच आवाज चढला. "पण त्याचा इथं काही संबंध नाही! मध्ये बाटली आहे."

"बाटली पाणी अडवते, असं तुम्हीच सांगितलंत. तेल अडवते का?"

"वर्षभर चालतोय तो. कधी काही झालं नाही. मी स्वतः बनवलाय."

"हो, पण—"

"वहिनी, तुम्ही तुमचा देव बघा. माझी हवा मी बघतो!"

दोन वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. पुढच्या खोलीत ह्यांचं वर्तमानपत्र खाली आल्याचा आवाज आला. माझे कान तापले. निघून जावं असं वाटलं, आणि गेले असते तर कुणी मला नावं ठेवली नसती. पण डबा उघडा होता आणि ब्रश अर्धा आत, अर्धा बाहेर.

मी ह्यांचा दाढीचा आरसा आणला, पदरानं पुसणार होते ती थांबले, तो साबणानं धुऊन कोरडा केला आणि दारातून पुढे केला.

"ह्याच्यावर पाच मिनिटं नुसती हवा मारा. रंग नको. काही निघालं नाही तर मी ह्या खोलीबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही."

त्यांनी आरसा हिसकावल्यासारखा घेतला. कॉम्प्रेसर लावला, रिकामा ब्रश आरशावर रोखला, खटका दाबला. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटं पुढे जाईपर्यंत आम्ही दोघं त्या काट्याकडेच बघत होतो. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

मग त्यांनी आरसा खिडकीशी तिरका धरला. मला दारातूनही दिसलं. काचेवर मध्यभागी सप्तरंगी पापुद्रा होता, ओल्या रस्त्यावर गाडीखाली दिसतो तसा. त्यांनी त्यावरून बोट ओढलं. रेघ उठली.

भावजींनी हात लांब करून कॉम्प्रेसर बंद केला. आरसा खाली ठेवत म्हणाले, "मीच पाजलं. परीक्षेच्या दिवशी आई लेकराला दोन घास जास्त भरवते, आणि ते पेपरला बसून ओकतं. तसं." मग उंबऱ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, मघाशी मी—"

"ते राहू दे. आता हवा कुठून आणायची?"

कारण तेल नुसतं मोटरीत नव्हतं. टाकीत गेलं होतं, नळीत गेलं होतं, बाटलीच्या कडाकडांत होतं. ते सगळं धुऊन सुकवायला दोन दिवस. रविवार, सगळी दुकानं बंद.

आमचे हे दारात येऊन उभे राहिले होते. "हवाच पाहिजे ना?" ते म्हणाले. "हवा तर गॅरेजवाला फुकट देतो."

मला वाटलं, हाही टोमणाच. पण भावजी उठून उभे राहिले. "टायर," ते म्हणाले. "दादा, टायर! भरलेल्या टायरमध्ये हवा असते, आणि पायपंपाला तेल नसतं."

"नसेलच असं नाही," मी म्हटलं. "वास घेऊन आणा."

गॅरेजवाला कोपऱ्यावर दुकानाच्या वरच राहतो. बनियनवरच खाली आला. भावजींचं म्हणणं ऐकून म्हणाला, "फुसफुस, तुला हवा कमी पडली? जन्मभर हवेतच तर आहेस!" पण शटर उघडलं. मोटारीचं एक सुटं चाक दिलं, दाबाचं घड्याळ लावलेला पायपंप दिला, टायरच्या तोंडाला बसेल आणि पलीकडे पंप अन् ब्रशची नळी दोन्ही घेईल असा एक पितळी जोड शोधून काढला. भावजींनी एकेक वस्तू नाकाशी धरली. पंपाच्या तोंडाशी आरसा धरून तिथंच वीस वेळा दाबून बघितलं. आरसा कोरा. नळी मात्र त्यांनी कोरी करकरीतच मागितली, पहिल्या नळीला हात लावायलाही तयार नव्हते. ब्रश तर त्यांनी इतका धुतला की मला त्याची दया आली.

दोन वाजता चमच्यावर रंग मारला. आम्ही तिघं वाकलो. सात मोजले, वीस मोजले, शंभर मोजले. काळा रंग काचेसारखा पसरून राहिला.

"आता बोट," भावजी म्हणाले. "ऐका. ब्रश चालू असताना दाब अठराच्या खाली गेला तर तो थुंकेल. थुंकला की संपलं. दादा, तू पाय मारायचा, आणि आकडा मोठ्यानं सांगायचा."

हे पंपावर चढले. "तीस. एकोणतीस. सव्वीस. चोवीस…" टायर दिसतो मोठा, पण त्या इवल्या ब्रशला हवा केवढी लागते ते तेव्हा कळलं. दहा मिनिटांत ह्यांचा चेहरा लाल झाला. पोस्टात बसून शिक्के मारणारा माणूस, पायाला सवय कुठली? "बावीस," ते धापा टाकत म्हणाले. "अगं, धर! मला… वीस!"

मी त्यांना बाजूला केलं आणि पंपावर पाय ठेवला. एका नामाला एक पाय, असं मी सुरू केलं. जप करताना माळ कधी चुकते, मन कुठंतरी भाजीत जातं. त्या दिवशी एकही नाम चुकलं नाही. भावजींचं मनगट बोटीच्या आधीच हवेत सुरू व्हायचं, बोटीवरून सरळ जायचं आणि बोट संपल्यावर पुढे हवेतच थांबायचं. जाताना एक रेघ, येताना तिच्यावर अर्धी चढलेली दुसरी.

पहिला हात झाला. भावजींनी ब्रश खाली केला, पण बोटीकडे बघितलं नाही.

"वहिनी, तुम्ही बघा. आत या."

मी उंबरा ओलांडला. वाकले. श्वास बाजूला सोडला. काळा पट्टा ओला, पातळ, सारखा. झिजलेली का होईना, रिबिटं त्यातून दिसत होती, ओळीनं.

"काही नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

दुसरा हात बोटीच्या मागच्या टोकाशी आला होता, चार बोटांएवढंच उरलं असेल, तेव्हा पायाखाली सूंऽऽ असा आवाज झाला. पितळी जोड निसटत होता.

"बावीस!" हे ओरडले. "एकोणीस! सोळा, अरे सोळा!"

ह्यांनी जमिनीवर लोळण घेऊन जोड दोन्ही हातांनी दाबून धरला. मी जीव खाऊन पाय मारला. भावजींनी खटका पुढे सोडून रंग बंद केला, पण त्याआधी ब्रश एकदा 'फट्' करून थुंकला. शेवटच्या टोकाला, बोटीच्या पंख्याच्या वर, तिळाएवढा एक थेंब उठून राहिला.

भावजी भिंग घेऊन वाकले.

"घासायचं?" ह्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

"नाही," भावजी म्हणाले. "तो राहील. तिसरा हात हलकाच देतो, पण तो राहील."

सोमवारी साडेआठला ते बोट खोक्यात घालून, खोकं मांडीवर घेऊन बसनं गेले. हे पोस्टात गेले. मी घरात एकटी. दहा वाजले, अकरा वाजले. देवापुढे बसले तर डोळे मिटेनात. पाऊण तास मी एकच भांडं पुसत होते.

बाराला दहा कमी असताना फोन वाजला. मला वाटलं भावजी. गोदामवाला होता.

"बाई, तुमचे दीर येतायत ना? दुसरा माणूस समोर बसलाय माझ्या. बारा म्हणजे बारा."

"ते बाहेर गेलेत. आले की—"

"आता सांगा. हो की नाही?"

मी दाराकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी आयुष्यात माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी कधी सांगितलेली नाही. खोटं बोलणं आणि ते, माझ्या लेखी सारखंच. हो म्हटलं असतं तर जागा राहिली असती आणि नंतर फार तर माफी मागता आली असती. पण मला एअरब्रशचा तो डबा दिसत होता, दुसऱ्या कुणाच्या हातात.

"नाही," मी म्हटलं. "ते येणार नाहीत. तुम्ही त्या माणसाला ठेवा."

फोन ठेवून मी कोनाड्यापुढे जाऊन बसले. देवाला म्हटलं, मी काय केलं हे मला कळत नाही, तुला कळत असेल तर बघ.

तीन वाजता भावजी आले. हात रिकामे. खोकं नाही, बोट नाही.

"पडली?" मी विचारलं.

"ठेवून घेतली."

"म्हणजे?"

"म्हणजे कपाटात, काचेच्या. त्यांनी भिंग लावून बघितली, सगळी. शेवटी त्या थेंबावर बोट ठेवलं, म्हणाले, हे काय? मी म्हटलं, चाकाचा जोड निसटला. म्हणाले, कसलं चाक? मग सगळंच सांगावं लागलं, मोटर, नरसाळं, तुमचा आरसा, दादाची लोळण." ते उंबऱ्यावरच टेकले. "त्यांनी दोन माणसं अजून बोलावली होती. त्यांच्या बोटी माझ्यापेक्षा गुळगुळीत होत्या, वहिनी, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी मला विचारलं, शाळेतला जुना कॉम्प्रेसर बिघडलाय, बघाल का? म्हटलं, बघतो. तीन महिने बघू म्हणाले. उद्यापासून."

मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि ताडकन उठले. "अहो, गोदाम! बारा वाजून गेले! दादानं फोन—"

"त्यांचा आला होता. मी नाही म्हणून सांगितलं."

"किती वाजता?"

"बाराला दहा कमी."

भावजी माझ्याकडे बघत राहिले. "मला तोवर काही कळलं नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "बारा वाजता मी तिथं बाकावर बसलेलो होतो, आत बोलावतील की नाही तेही ठाऊक नव्हतं."

"हो."

"आणि नसतंच झालं काही, तर?"

"तर मी गेले असते रखवालीला. मला झोप कमीच आहे."

ते हसले नाहीत. फोनजवळ गेले, गोदामवाल्याचा नंबर लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर पाठ ताठ करून म्हणाले, "नमस्कार. मी त्यांचा दीर बोलतोय. वहिनींनी सांगितलं ते बरोबर आहे."